डिस्क दुसरी लावा! : 'हाऊ द वेस्ट वॉज वन'ची स्माइलबॉक्सवाली ब्लू-रे

आधीच सांगून टाकते, या सेटमधे दोन ब्लू-रे आहेत, त्यातली दुसरी लावा. पहिलीवर तोच पिक्चर आहे, तितकाच स्वच्छ, खरं तर जवळ जाऊन बघितलं तर जास्तच स्वच्छ, पण ज्यांना जुन्या मोठ्या थेटरांची आठवण येते आणि त्या आठवणीपोटी असल्या डिस्का जमवायची खोड लागलीये (मला लागलीये, घरचे वैतागलेत) त्यांच्यासाठी खरा माल दुसऱ्या डिस्कवर आहे.

वस्तू जुनी आहे, २००८ साली वॉर्नरने काढलेली. पिक्चर १९६२चा, एमजीएमचा, तीन डिरेक्टरांनी वाटून घेतलेला, हेन्री हॅथवे, जॉन फोर्ड आणि जॉर्ज मार्शल. स्टार लोकांची तर जत्राच आहे, जेम्स स्टुअर्ट, डेबी रेनॉल्ड्स, ग्रेगरी पेक, कोण नाहीये ते विचारा. पण मी काही स्टार बघायला घेतली नव्हती. हा पिक्चर सिनेरामात शूट झालाय, म्हणजे खऱ्या, तीन फिल्मवाल्या सिनेरामात, आणि त्या पद्धतीत गोष्ट सांगणारे पिक्चर दोनच निघाले, हा आणि त्याच वर्षीचा ग्रिम बंधूंवरचा. बाकी सगळे सफरीचे, देश दाखवा, डोंगर दाखवा, विमानातून दरी दाखवा असे.

सिनेरामा म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते, नाहीतर डिस्क लावल्यावर स्क्रीनवर जो आकार दिसतो तो बघून तुम्ही सेटिंग बिघडलं समजून रिमोट शोधत बसाल. फ्रेड वॉलर म्हणून एक माणूस होता, त्याच्या डोक्यात असं होतं की आपल्याला खोलपणा जाणवतो तो फक्त समोर बघून नाही, डोळ्यांच्या कडांनी जे अर्धवट दिसत असतं त्याचाही त्यात मोठा वाटा असतो. युद्धाच्या काळात त्याने विमानावरच्या तोफेच्या सरावासाठी पाच प्रोजेक्टरांचं एक यंत्र केलं होतं, त्याच वाटेने पुढे तो सिनेरामापर्यंत आला. एका कॅमेऱ्यात तीन लेन्स, तिन्ही २७ एमएमच्या, तिघी मिळून १४६ अंशांचा पट्टा पकडतात, आणि प्रत्येक लेन्समागे वेगळी ३५ एमएमची फिल्म धावते, फ्रेमही नेहमीच्या चार नाही तर सहा छिद्रांइतकी उंच. थेटरात मग तीन प्रोजेक्शन बूथ, तीन ऑपरेटर, अर्धगोलात वळवलेला प्रचंड पडदा, आवाजाची चौथी फिल्म वेगळी आणि ती सांभाळायला वेगळा माणूस. पडदासुद्धा सलग कापडाचा नव्हता, शेकडो उभ्या पट्ट्या शेजारीशेजारी तिरक्या लावून केलेला असायचा, कारण इतक्या वळलेल्या पडद्यावर डाव्या बाजूचा उजेड उजव्या बाजूवर उडून चित्र फिकं पडतं. ३० सप्टेंबर १९५२ला न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे थिएटरात पहिला शो झाला आणि सुरुवात काय केली बघा, आधी काळ्यापांढऱ्यात, जुन्या चौकोनी आकारात एक माणूस बराच वेळ भाषण देतो, लोक कंटाळायच्या बेतात, आणि मग पडदे बाजूला सरकायला लागतात आणि सरकतच राहतात आणि समोर रंगीत रोलर कोस्टर, आणि तुम्ही पहिल्या डब्यात.

हे पडदे सरकत राहणं हाच माझ्या मते सगळ्या वाइडस्क्रीनचा जीव होता. बाबांनी तरुणपणी बरेच सत्तर एमएम बघितलेत, त्यांना विचारलं की काय आठवतं तर गोष्ट आठवत नाही, हिरॉइन आठवत नाही, 'पडदा उघडतच जायचा गं' एवढंच सांगतात. आधी जाहिराती नि न्यूजरील छोट्या आकारात, मग मेन पिक्चर सुरू होताना बाजूचे काळे पडदे आणखी लांब जायचे. उंची तीच, रुंदी वाढली. वाइडस्क्रीन म्हणजे आपल्याला जास्त मिळणार, कमी नाही.

आणि आता? मागे एका मल्टिप्लेक्सात सिनेमास्कोपच्या मापाचा, म्हणजे चांगला रुंद पिक्चर बघायला गेले, जाहिराती पूर्ण पडदाभर, ट्रेलर पूर्ण पडदाभर, आणि मेन पिक्चर सुरू झाला तर वर आणि खाली काळ्या पट्ट्या. म्हणजे ज्यासाठी तिकीट काढलं तो पिक्चर साबणाच्या जाहिरातीपेक्षा लहान! पट्ट्यांवर काळा मास्किंगचा कपडाही नव्हता, नुसता राखाडी उजेड. आसपास कोणाला काही वाटलं नाही, कारण आपल्याला टीव्हीने शिकवलंय की पट्ट्या आल्या म्हणजे सिनेमॅटिक. हे बरोबर उलटं आहे आणि मला त्याचा मनापासून राग आहे, असो.

तर या पार्श्वभूमीवर डिस्ककडे या. पहिल्या डिस्कवर पिक्चर सरळ लेटरबॉक्समधे, म्हणजे वरखाली काळ्या पट्ट्या ठेवून आहे, प्रमाण जवळजवळ २.८९ला १. ६५ इंची टीव्ही साधारण १४४ सेंटिमीटर रुंद आणि ८१ उंच असतो, त्यावर हा पिक्चर फक्त ५० सेंटिमीटर उंचीत बसतो. उरलेलं सगळं काळं. जगातला सर्वात मोठा वाटावा म्हणून केलेला पिक्चर आणि घरात तो टीव्हीवरच्या बाकी कुठल्याही पिक्चरपेक्षा बुटका. (व्हीएचएसच्या काळात तर याहून वाईट, चौकोनी टीव्ही भरायचा म्हणून कडा कापायचे, या पिक्चरला ते केलं की अर्ध्याहून जास्त चित्र गायब, बोलणाऱ्या दोघांपैकी एकजण बहुतेक भिंतीपलीकडे.)

दुसऱ्या डिस्कवर स्माइलबॉक्स आहे. वळलेल्या पडद्यासमोर मधोमध बसल्यावर जसं दिसेल तसा आकार काँप्युटरवर करून घेतलाय, त्यामुळे डावी-उजवी कड टीव्हीच्या जवळजवळ पूर्ण उंचीची आणि मधला भाग आत गेलेला, आडवा ठेवलेला डमरूच. पहिली काही मिनिटं डोळ्याला खुपतं, खोटं वाटतं. मग काहीतरी होतं. सोफा पुढे ओढून नेहमीपेक्षा अर्ध्या अंतरावर बसले तेव्हा मला ते समजलं, कडा उंच असल्यामुळे नजरेच्या कोपऱ्यात सतत काहीतरी हलत राहतं, झाडं मागे जातात, घोडे शेजारून निघून जातात, आणि मधला भाग लांब असल्यासारखा वाटायला लागतो. वॉलरचं डोळ्यांच्या कडांबद्दलचं म्हणणं घरच्या टीव्हीवर पटणं हीच या डिस्कची कमाल. खरा पडदा नाही तो नाहीच, पण निदान त्या पडद्याचा हेतू काय होता ते कळतं, आणि हे सपाट लेटरबॉक्समधून शंभर वेळा बघूनही कळत नाही.

एक गोष्ट मुद्दाम बघा. सपाट डिस्कवर रेल्वेचा रूळ, कुंपण, नदीचा काठ, जे काही आडवं आणि सरळ असेल ते एक-तृतीयांशावर आणि दोन-तृतीयांशावर हलकंसं मोडलेलं दिसतं, कोपरात वाकल्यासारखं. कारण तीन लेन्स तीन दिशांना बघतायत आणि आपण ते एका सपाट काचेवर पसरलंय. तोच शॉट स्माइलबॉक्समधे लावला की रूळ बराचसा सरळ, नाहीतर छान गोलाईत वळलेला. मी दोन्ही डिस्का आलटूनपालटून घालून हेच बघत बसले होते, पिक्चर राहिला बाजूला.

तसंच नटांच्या नजरांचं. सिनेरामाच्या कॅमेऱ्यापुढे दोघं बोलत असतील आणि एकजण डाव्या पट्ट्यात, दुसरा मधल्या पट्ट्यात असेल तर त्यांनी खरोखर एकमेकांकडे बघून चालत नसे, पडद्यावर नजरा चुकल्यासारख्या दिसायच्या. म्हणून त्यांना भलतीकडेच एखाद्या जागी बघून संवाद म्हणायला लावायचे, म्हणजे वळलेल्या पडद्यावर गणित बरोबर जुळून येई. हे माहीत असलं की सपाट डिस्क बघताना हसूच येतं, नवरा प्रेमाने बायकोच्या कानामागच्या झुडपाकडे बघतोय. आणि झुडपांवरून आठवलं, जिथे दोन फिल्मांचा जोड येतो तिथे बघा किती वेळा नेमकं झाडाचं खोड, दाराची चौकट नाहीतर खांब उभा आहे. तो जोड लपवायला. थेटरात तर प्रोजेक्टरच्या गेटपाशी कडेला दातेरी पत्रा भराभर वरखाली हलत असायचा, म्हणजे दोन चित्रांच्या कडा एकमेकांत विरघळाव्यात, तरी रेघ दिसायचीच. या डिस्कसाठी त्या रेघा डिजिटली पुसल्यात आणि काम फार सुंदर झालंय, मोकळ्या आभाळाच्या शॉटमधे रंगाचा अगदी थोडा फरक कधीमधी जाणवतो इतकंच. काही जुन्या लोकांची तक्रार असते की रेघा पुसल्या म्हणजे इतिहास पुसला. मला नाही पटत, त्या रेघा बनवणाऱ्यांनाही नकोच होत्या.

सगळंच काही खरं सिनेरामा नाहीये हेही सांगायला हवं. नदीच्या उसळत्या पाण्यात तराफा सापडतो तो प्रसंग घ्या, बाहेरचे लांबचे शॉट बघून पोटात गोळा येतो आणि मग तराफ्यावरच्या माणसांच्या जवळ गेलं की मागचं पाणी चिकटवलेलं दिसतं. तीन लेन्सच्या कॅमेऱ्याने असले ट्रिक शॉट करणं जवळजवळ अशक्य, म्हणून ते ६५ एमएमच्या एकाच फिल्मवर घेऊन नंतर तीन पट्ट्यांत विभागलेत, आणि ब्लू-रेवर तो फरक लगेच डोळ्यात येतो, चित्र मऊ पडतं. डिस्क जितकी चांगली तितकी ही लबाडी उघडी पडते, याला इलाज नाही.

आवाजाबद्दल. मूळचे सात ट्रॅक, पाच स्पीकर पडद्यामागे आणि दोन ट्रॅक प्रेक्षकांच्या आजूबाजूला. घरी आपल्याकडे पुढे तीनच स्पीकर, त्यामुळे पाचाचे तीन झालेत, तरीपण संवाद माणसाबरोबर सरकतात ते मस्त ऐकू येतं. आजकालच्या पिक्चरमधे सगळे संवाद मधल्या स्पीकरमधूनच येतात, माणूस डावीकडे का उभा असेना. इथे डावीकडचा डावीकडूनच बोलतो. ज्यांच्याकडे टीव्हीखालचा नुसता साउंडबार आहे त्यांना हे कळणार नाही, मला सोफ्याच्या दोन टोकांना दोन जुने उंच स्पीकर लावल्यावर कळलं.

आणि ओव्हर्चर! पिक्चर सुरू होण्याआधी काही मिनिटं नुसतं संगीत वाजतं, आल्फ्रेड न्यूमनचं, इंटरव्हलला परत वाजतं, पिक्चर संपल्यावर लोक बाहेर पडतानाही वाजतं. त्या काळी असल्या पिक्चरांचा रोडशो असायचा, नंबर टाकलेल्या सीट, दिवसाला मोजके खेळ, माहितीपुस्तिका विकायला, आणि लोक येऊन बसेपर्यंत मिटलेल्या पडद्यावर रंगीत दिवे आणि हे संगीत. डिस्कवाल्यांनी ते सगळं ठेवलंय हे फार चांगलं केलं. आमच्याकडे आई आतून येऊन विचारून गेली, 'अगं, टीव्ही बंद पडला का, नुसतंच वाजतंय.' ज्यांनी कापून टाकलं असतं त्यांचा युक्तिवाद हाच असणार. तुम्ही एक करा, ओव्हर्चरला खोलीतले दिवे चालू ठेवा, गप्पा मारा, जागा धरा, आणि शेवटाकडे एकेक दिवा घालवत या. साधी गोष्ट आहे पण पिक्चर बघायला बसणं आणि पिक्चर लावणं यातला फरक तिथेच पडतो. फोन पुढच्या खोलीत.

पिक्चर म्हणून कसा आहे, तर खरं सांगायचं तर ढिसाळ. एका कुटुंबाच्या काही पिढ्या, पाच भाग, प्रत्येक भागात नवे लोक, कोणाशी जरा ओळख होतीये तोवर तो मरतो नाहीतर रेल्वे येते. मूळ रहिवाशांचं चित्रण त्या काळच्या चष्म्यातून आहे आणि आज बघताना टोचतं. स्पेन्सर ट्रेसीचं निवेदन भारदस्त, पण मजकूर पाठ्यपुस्तकी. तरी या पिक्चरला पटकथेचं ऑस्कर मिळालं, आता काय बोलणार. एडिटिंग आणि साउंडचंही मिळालं, ते मात्र शंभर टक्के बरोबर. मला सगळ्यात आवडतो फोर्डचा यादवी युद्धाचा भाग, सगळ्यात छोटा, आणि गंमत म्हणजे तोच सर्वात कमी 'सिनेरामा' आहे. कॅमेरा जागचा हलत नाही, रुंद फ्रेममधे बरीच मोकळी जागा सोडलीये आणि त्या मोकळ्या जागेत आई उभी आहे, मुलगा निघालाय. मोठा पडदा म्हटलं की सगळ्यांना म्हशींची धावपळ आणि गाड्यांची टक्कर आठवते (तेही आहे इथे, रानरेडे थेट अंगावर येतात आणि शेवटची ट्रेनवरची लढाई, साखळी तुटून ओंडके गडगडतात तो प्रसंग, आजही श्वास रोखून बघावा असा), पण रिकामी जागा दाखवायलाही मोठा पडदा लागतो हे त्या म्हाताऱ्याला बरोबर कळलं होतं.

क्लोजअप नाहीत. सवय नसेल तर हे त्रास देईल. २७ एमएमच्या लेन्स असल्यामुळे चेहरा भरून घ्यायचा तर कॅमेरा नाकाला टेकवावा लागला असता, त्यामुळे जास्तीत जास्त कमरेपर्यंतचा माणूस. मोबाइलवर बघितलात तर माणसं मुंग्यांएवढी दिसतील. मोबाइलवर बघू नका ना पण.

ही पद्धत बंद का पडली तेही लक्षात येतं. तीन मशीन एका लयीत चालवायच्या, एक फिल्म तुटली की जितक्या फ्रेम गेल्या तितक्याच काळ्या फ्रेम त्या जागी जोडायच्या, नाहीतर डावा घोडा उजव्या घोड्याच्या पुढे पळणार. आणि सिनेरामाचा पहिला शो होऊन वर्ष होतंय तोवर १९५३च्या सप्टेंबरात फॉक्सने सिनेमास्कोप आणलं, आन्री क्रेत्यँ या फ्रेंच माणसाची लेन्स, चित्र फिल्मवर आडवं निम्मं दाबायचं आणि प्रोजेक्टरवर परत पसरायचं, एक कॅमेरा, एक प्रोजेक्टर, काम झालं. नंतर १९५५ला टॉड-एओ आलं, ६५ एमएमवर शूट आणि ७० एमएमची प्रिंट, सहा ट्रॅकचा आवाज, मोठेपणा बराचसा तोच आणि कटकट एका मशीनची. हा पिक्चर आला तेव्हा तीन फिल्मांचा खेळ संपतच आला होता, १९६३पासून सिनेरामा हे नाव लावून ७० एमएमचीच प्रिंट त्या वळलेल्या पडद्यावर लावायला लागले. आपल्याकडचा 'शोले' तर ३५वर शूट करून ७०वर मोठा केलेला, तरी लोकांच्या डोळ्यांसमोर आजही तो पडदा आहेच की. म्हणजे फिल्म किती एमएमची हा अर्धाच भाग झाला, पडदा केवढा आणि तुम्ही त्याच्यापुढे कुठे बसलात हा उरलेला.

म्हणून बघायचं कसं ते नीट वाचा, नाहीतर डिस्कला शिव्या घालाल. टीव्हीचं मोशन स्मूदिंग बंद करा, ते चालू असेल तर १९६२चा पिक्चर कालच्या सीरियलसारखा दिसतो. पिक्चर साइझमधे ओव्हरस्कॅन (चित्राच्या कडा कापणारं सेटिंग) असेल तर तोही बंद, कारण स्माइलबॉक्सच्या उंच कडा नेमक्या काठावर आहेत, तिथेच कापलं तर उरलं काय. झूमला हात लावू नका. प्रोजेक्टर असेल तर उत्तमच, पण काळ्या जागेवर उजेड दिसत असेल तर वरखाली काळा कपडा लावा, चांगला जाड, चमक नसलेला. आणि जवळ बसा, लहानपणी ज्यावरून ओरडा खाल्ला तितक्या जवळ.

तपशिलाच्या लोकांना एक इशारा, ब्लू-रेच्या १०८० ओळींपैकी लेटरबॉक्समधे चित्राला जेमतेम ६६५ मिळतात, आणि स्माइलबॉक्समधे मधला भाग आक्रसल्यामुळे लांबच्या चेहऱ्यांचा बारकावा आणखी मरतो. चित्राची शुद्धता मोजायची तर पहिली डिस्क जिंकते. मी साडेचार स्टार देतेय ते सगळे आकाराला, अर्धा कापला तो गोष्टीसाठी. पहिल्या डिस्कबरोबर 'सिनेरामा ॲडव्हेंचर' ही डॉक्युमेंटरी पण मिळते, डेव्हिड स्ट्रोमायरची, आणि ती बघितल्यावर मूळ पिक्चर परत बघावासा वाटतो, तर आधी ती बघितली तरी चालेल.

घेऊ नये कोणी? ज्यांना खोलीत अंधार करणं जमत नाही त्यांनी, ज्यांना पावणेतीन तास म्हटल्यावर धडकी भरते त्यांनी, आणि ज्यांचा टीव्ही भिंतीवर छताजवळ टांगलेला आहे त्यांनी. खरा तीन प्रोजेक्टरांचा सिनेरामा बघायचा तर इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या पिक्चरव्हिल थेटरात त्याची सोय अजून ठेवलीये, तिथवर जाणं होईल तेव्हा होईल. तोवर ही आवडली तर पुढची घ्यायची ती फ्लिकर ॲलीने २०१२ला काढलेली 'धिस इज सिनेरामा', तो मी वर सांगितला तो रोलर कोस्टरवाला पहिला पिक्चर, तोही स्माइलबॉक्समधेच. त्यात एक्स्ट्राजमधे एक खास तुकडा आहे, ब्रेकडाउन रील. थेटरात मधेच तीनपैकी एखादी फिल्म तुटली तर लोक उठून जाऊ नयेत म्हणून दाखवायला वेगळा शूट करून ठेवलेला, त्यात तो भाषणवाला माणूस परत येतो आणि ऑपरेटर वर घाम गाळत फिल्म जोडत असताना खाली शांतपणे प्रेक्षकांशी गप्पा मारत राहतो.